सरळ रेषेत

शेजारच्या श्रावंतीच्या फोनात
दोन गावांची नावं घातली
की मधलं अंतर बाहेर पडतं.
सोलापूर विमानतळ ते सूरत विमानतळ,
सरळ रेषेत पाचशे सहा किलोमीटर.
उड्डाणाला लागणारा वेळ
एक तास दहा मिनिटं.

"पण अक्का, इथून तिकडं विमान जात नाही," ती म्हणाली.
"हा नुसता हिशोब आहे."

असू दे.
आमच्या विडी घरकुलात
नुसत्या हिशोबावर बायका म्हाताऱ्या झाल्या.

तासाला शंभर-एकशेदहा विड्या होतात माझ्या हातून,
पान नीट भिजलेलं असेल तर.
म्हणजे सूरत
पाच कट्ट्यांवर आलं.

यादगिरी गेला तो रात्रीच्या गाडीनं,
खांद्यावर पोतं, पोत्यात आईची पितळी परात.
माग विकल्याचे पैसे कुणी किती घेतले
यावरून मी त्याला जे बोलले
ते तेलुगूत बोलले होते.
मराठीत बोलले असते
तर इतकं लागलं नसतं कदाचित.
अकरा वर्षं.
मधे त्याच्या थोरल्याच्या लग्नाची पत्रिका आली.
पाकिटावर माझं नाव होतं,
आत नव्हतं.

काल दुपारी सूप मांडीवर घेतलं,
पानावर फर्मा ठेवून कात्री फिरवली,
चिमूटभर जर्दा घातला
आणि निघाले.

पहिला कट्टा बांधला तेव्हा खाली करमाळा असावं.
दुसऱ्याला नगर.
तिसऱ्याच्या मधेच लाईट गेली,
तशी सूप घेऊन दारात सरकले.
विमानाला काय त्याचं.
चौथ्यात नाशिक मागं पडलं, पुढं डोंगर.
डोंगर वरून कसे दिसतात मला ठाऊक नाही,
न झटकता वाळत टाकलेल्या टॉवेलांसारखे धरले.
पाचव्यातल्या शेवटच्या विडीचं तोंड
नखानं दाबलं
तोवर सूरत आलं होतं.

मग पंचाईत झाली.
फोन विमानतळापाशीच सोडून देतो.
तिथून तम्मुडूचं घर किती, कोणत्या हाताला,
दार कोण उघडेल,
'काय आणलंस' म्हणेल की 'कशाला आलीस',
त्यात काही नाही.

श्रावंतीनं सहज म्हणून
नावं उलटी करून पाहिली,
सूरत ते सोलापूर.
पाचशे सहाच.
एक तास दहाच.
मला वाटलं होतं, त्याच्या बाजूनं
थोडं जास्त भरेल.

संध्याकाळी कारखान्यात चेकरनं
कट्टे उजेडात धरून फिरवले,
पाच बाजूला काढले.
"हे छाट. सैल वळलेत.
बोटं कुठं होती, अक्का?"

हजारात सव्वाशे कमी भरल्या.
बाकीच्या
घरात बसून वळलेल्या होत्या,
त्या पास झाल्या.