ताडून पाहावे

रात्री पावणेदोनला निपाणीतून
तायव्वा घस्तेची छाती निघते परगावी.
इराप्पा खिडकीशी मोबाईल धरून उभा.
त्रेसष्ट टक्क्यांवर अडकलेली ती
हायवेवरचा एक ट्रक गेल्यावर सुटते.
ट्रकमुळंच, असं इराप्पाचं ठाम मत.

कुठं जाते, मला नक्की माहीत नाही.
बेंगळूरु असेल, पुणं असेल,
कुणाच्या स्वयंपाकघराला लागून असलेली खोली असेल.
फासळ्यांना कानडी येत नाही, मराठीही नाही,
त्यांच्या पाट्यांना कुणी काळं फासत नाही.
वीस मिनिटांत कागद येतो, खाली सही,
आणि शेवटी नेहमीचंच वाक्य:
लक्षणांशी ताडून पाहावे.

म्हणजे पेशंट तुझा, हात तुझा, चुकलं तर तूच,
असंच मी ते आजवर वाचत आलो.
बेळगावात आमचे सर फिल्म
आभाळावर धरून बघायचे,
आणि त्याआधी पेशंटला विचारायचे, जेवलास का.

त्या रात्रीच्या कागदावर पहिली ओळ:
उजव्या शिखराशी सावली, क्षय असू शकेल.
मी उठून खाटेपाशी गेलो.
तायव्वाच्या उजव्या खांद्यावरून पुढं आलेली
मनगटाएवढी वेणी, टोकाला लोकरीचा गोंडा,
तंबाखूचा वास केसांच्या मुळापर्यंत.
वेणी मागं टाकली. दुसरी फिल्म काढली.
सावली गेली.

मला झालेला आनंद सांगण्यासारखा नाही.
सहीखालचा नंबर लावला,
झोपमोड करायच्या इराद्यानंच.
बाई जागीच होती. "हं, हेळ्री," म्हणाली,
मग माझं नाव ऐकून मराठीत आली,
बुटक्या दारातून वाकून यावं तशी.
वेणी म्हटल्यावर हसली.
"माझं चूक झाला तो."
थोडं थांबून: "तिसरी ओळ वाचलात?"

वाचली नव्हती.

हृदयाच्या मागं, डावीकडं, हरभऱ्याएवढं काहीतरी.
पहिल्या फिल्ममध्ये होतं. दुसऱ्या फिल्ममध्येही
तिथंच, न हलता.

"काम काय करतात त्या?"
वखारीत. तंबाखू चाळायला.
"किती वर्षं?"
ते विचारायला मला उठून जावं लागलं,
फोन कानाला तसाच. एकतीस, तायव्वा म्हणाली,
आनि दोन वर्सं आदीची, पोरगं पाठीवर हुतं तवाची,
ती धरत्यात का?

धरतात, म्हणालो.
पलीकडं कळफलक वाजत होता.
मग तो थांबला.
"एक सांगू? पुढं काय झालं ते कळवा.
दिवसाला दोनशे छात्या बघते मी.
एकीचंही पुढचं कुणी सांगत नाही."

मग बेळगाव, सीटी, सुई,
मुलाचा दर खिडकीवर एकच प्रश्न:
हे कार्ड इथं चालतंय का?
मध्ये दोनदा मला वाटलं, कळवू नये काही,
तिनं तरी का वाट बघावी आमच्याबरोबर.

तीन आठवड्यांनी मेसेज टाकला:
तायव्वा घस्ते. गाठ साधी निघाली.

उत्तर आलं: कोण?

बरोबरच होतं. तिच्याकडं नाव गेलंच नव्हतं,
नुसता सहा आकडी नंबर गेला होता.
मी तो जुन्या कागदात शोधत होतो
तोवर फोन पुन्हा वाजला:

वेणीवाली?