आठ नंबर

मढवी काकांनी माझी पक्कड पाहिली
तेव्हा आधी काही बोलले नाहीत.
ब्रेकच्या निपलवर नुसतं बोट फिरवलं
(सहातले चार कोन मी खाऊन टाकलेले)
आणि विचारलं, "दातांनी काढत होतीस?"

मी घोडबंदर रोडला घरोघर जाते,
कासारवडवली, ओवळा, पार भाईंदरपाड्यापर्यंत,
गुडघे वाकवते, आखडलेल्या माना सोडवते.
कुठे किती जोर द्यायचा, हे माझ्या हाताला कळतं
अशी माझी समजूत होती.
मग गायमुखच्या उतारावर एका दुपारी
लिव्हर चहात बुडलेल्या पावासारखा मऊ होत
मुठीला टेकला.
गिअर पाडत, पाय घासत
बंद पडलेल्या डंपरमागच्या खडीत जाऊन थांबले.
एक चप्पल गेली, बाकी काही नाही.
घरी सांगितलेलं नाही.

काका वागळे इस्टेटला टूलरूममध्ये एकतीस वर्षं.
आता उजवा खांदा धरलाय,
हात कानापर्यंत पोचत नाही.
सोमवारी, गुरुवारी मी तो खांदा सोडवते.
फी घेत नाही. त्याबदली ते माझी हत्यारं निवडतात.

वेलजीभाईंच्या दुकानात एक लाल डबा होता,
शेहेचाळीस नग, झाकणावर हसरा पैलवान.
काकांनी तो उघडलासुद्धा नाही.
स्क्रू-पाना हातात घेतला, जबडा हलवून दाखवला:
"ही कवळी. भात चालेल, सुपारी नको."
आणि आठ नंबरचा रिंग पाना माझ्या तळव्यात ठेवला.
बोटभर लांब, दिसायला काहीच नाही.
"हा सहाही कोन एकदम धरतो.
तुझी पक्कड दोन धरते आणि बाकीच्यांवर राग काढते."

तेलाचा मोठा कॅन स्वस्त पडत होता.
त्यांनी सीलबंद छोटी बाटली घ्यायला लावली.
खाडीची हवा आहे, म्हणाले,
उघडं ठेवलेलं तेल गुपचूप पाणी पितं.
पारदर्शक नळी मात्र मी मासेवाल्याकडून आणली,
म्हणजे काचेच्या पेटीतल्या माशांवाल्याकडून,
हातभर, बारा रुपयांत.
यावर ते खूश झाले.

सगळ्यात जास्त वेळ पेचकसाला लागला.
तेलाच्या डबीच्या झाकणाचा चौफुली स्क्रू मी खिशातून नेला होता.
काका एकेक टोक त्यात बसवायचे, आडवं धरायचे,
स्क्रू आपणहून टिकतो का बघायचे.
पाच पडले. सहाव्याला राहिला.
"लग्न जमवताय काय?" वेलजीभाई.
"लग्नात एवढं कोण बघतं," काका.

टॉर्क पाना परवडणारा नव्हता.
काकांनी माझं मनगट दाबून पाहिलं,
म्हणाले, हे आहे की तुझ्याकडे.
दुकानाच्या पायरीवर थांबले, मागे वळले:
"नाही. गॅरेजमधून उसना आण.
आपल्या हाताला फार मानू नये."

रविवारी बाळकुमला, त्यांच्या जिन्याखाली, नवा निपल.
ते स्टुलावर, मी पुढच्या चाकापाशी उकिडवी.
खांदा अडलेला, पण बोटं शाबूत.
दाबा, मी म्हणायची. धरा.
पाव फेरा. नळीतून काळपट तेल, त्यात एक बुडबुडा,
पाना परत, आणि मगच: सोडा.
दाबा. धरा. थांबा, थांबा. सोडा.
पाचव्या-सहाव्या खेपेला ते हसायला लागले.
"खांद्याला पण हेच म्हणतेस."
खरंच. सोमवारी, गुरुवारी, ह्याच सुरात.
माझ्या लक्षातच आलं नव्हतं.

लिव्हर अर्ध्या वाटेत अडला, कडक.
काकांनी तीनदा दाबून पाहिला,
चौथ्यांदा उगाच.

एक थेंब टाकीवर सांडला होता.
पाणी ओतेपर्यंत मसुरीएवढा रंग गेला.
"पक्कड कुठाय?" त्यांनी विचारलं.
मला वाटलं, फेकायला सांगतील.
"ठेव," म्हणाले, "खिळे काढायला लागते."