मापात पाप

तुर्भ्याचं कांदा-बटाटा मार्केट. गाळ्यामागे
रिकाम्या गोणींवर टेबल टाकून आमचं शिबिर.
महिपती सपकाळ, गाव जावळीकडचं,
अठ्ठावीस वर्षं पाठीवर गोण.
बाही वर सारतो तर दंडाशी अडकते.

पट्टा गुंडाळते. पोचत नाही.
ओढूनताणून पोचवते, हवा भरते,
आणि चर्र करून वेलक्रो सुटतो.
रांग हसते. तो ओशाळतो.
ज्या दंडावर घर चाललं, त्याचीच लाज.

दुसऱ्यांदा हातानं दाबून धरला.
एकशे बावन्न, शहाण्णव.
मागल्या वर्षीही असंच, म्हणून एकाच्या दोन गोळ्या झाल्या,
आणि उठलं की डोळ्यांपुढे अंधारी.
एकदा तर ट्रकच्या फळीवर, गोणीसकट.

माझे वडील शिंपी. कोपरखैरण्याच्या नाक्यावर
एक मशीन, एक स्टूल.
अंदाजानं शिवा हो मास्तर, गिऱ्हाईक म्हणायचं.
अंदाज कापडाला कळत नाही, ते म्हणायचे.
त्यांचा टेप अजून माझ्या पर्समध्ये असतो.
कशाला, विचारू नका.

खांदा ते कोपर. मधोमध पेनानं टिंब.
तिथून गोल: अडतीस सेंटीमीटर.
पट्ट्यावर छापलेली रेघ बत्तिसाला संपते.
ती रेघ तिथेच होती.
मी सहा वर्षं वाचली नव्हती.

मोठ्या पट्ट्यासाठी अर्ज केला.
स्टोअरचे पडवळ म्हणाले, एकच माप चालतं की सगळ्यांना.
पडवळसाहेब, पायजम्याचंसुद्धा चालत नाही.
तीन महिन्यांनी वाशीच्या दवाखान्यातून उसना आणला.

पाच मिनिटं बसवला त्याला. पाठ टेकून, पाय जमिनीवर,
हात काळजाच्या उंचीला, आणि बोलायचं नाही.
हे शेवटचं त्याला गोणीपेक्षा जड गेलं.
एकशे अठ्ठावीस, ऐंशी.
पुन्हा घेतलं. दोनाचा फरक.
उभं केलं: एकशे सहा.
तो खुर्ची धरून उभा, मी आकडा धरून.

गोळ्या मनानं सोडू नका, म्हटलं,
डॉक्टरांना चिठ्ठी देते. चिठ्ठीत लिहिलं:
आधीचे आकडे तोकड्या पट्ट्याचे आहेत.
माझ्याच अक्षरातले आहेत, हे लिहिलं नाही.

तो म्हणाला, काट्यावर शंभर ग्रॅम इकडंतिकडं झालं
तर मापात पाप म्हणून अख्खा गाळा बोंबलतो, सिस्टर.
माझ्या मापाला कोण बोंबलणार होतं?

मी टेप गुंडाळत होते,
तर पुढे शेवंताबाई. कांदे निवडणाऱ्या.
हात केरसुणीच्या मुठीएवढा.
तोच पट्टा तिला दोन वेढे बसतो,
आणि दर वेळी मी लिहिते: उत्तम.
डोकं ठणकतं, ती दर वेळी सांगते.
कांद्यांमुळे असेल, मी दर वेळी सांगते.

बॅगेच्या तळाशी मुलांचा पट्टा आहे,
हत्तीची चित्रं असलेला.
ती हसते. अगं, माझं तर चांगलंच येतं ना?

टेप पुन्हा उलगडते.
हात द्या, बाई.