पट्टी

माणसं मला चेहऱ्यानं आठवत नाहीत.
मी पिटात बसायचो, रंगमंचाकडे अर्धी पाठ,
पायाखाली ऑर्गनचा भाता, समोर पेन्सिलीच्या खुणांची वही.
कोण आलं, कोण गेलं, ते सुरावरून.

'संगीत कंकणमोचन', टिळक रोड, एकोणनव्वदचा मार्गशीर्ष.
पहिल्या पानावर नावं आहेत.
नावापुढे भूमिका नाही, पट्टी:
खरवंडीकर, काळी दोन.
रोहिणी, काळी पाच.
करमरकर, पांढरी चार, नांदीपुरती.
मुरली तावरे, कुठलीही;
तो गाणंसुद्धा भांडल्यासारखं म्हणायचा
आणि लोक त्यानं तोंड उघडायच्या आधीच हसायचे.
ललिता ढमढेरे, दासी. पुढे रेघ.
तिला पद नव्हतं.

खरवंडीकरांच्या नावापुढे खाडाखोड फार.
काळी दोन खोडून पांढरी दोन,
ती खोडून काळी एक,
साताऱ्याच्या प्रयोगानंतर पांढरी एक,
तीही हलक्या हातानं लिहिलेली,
त्यांना दिसली तरी लागू नये म्हणून.
शनिवारी राजा, सोमवारी बँकेच्या काउंटरवर
गालात लवंग धरून नोटा मोजणारे.
सिनेमा मिळाला एकच. त्यात न्यायाधीश.
"शांतता राखा." एवढंच वाक्य,
पण काय खर्ज लावलाय, ऐका कधी.

रोहिणी मुंबईला गेली.
मालिकेत सून झाली, मग जाऊ, मग सासू,
आणि पंधरा वर्षांत कॅमेऱ्यापुढे एकदाही गायली नाही.
एका रात्री उशिरा फोन:
"बंडूकाका, एक सा द्या ना."
मी रिसीव्हर ऑर्गनवर आडवा ठेवला,
काळी पाच दाबून धरली.
पलीकडून काहीच आलं नाही.
मी भाता मारत राहिलो.
गुडघे दुखेपर्यंत.

मुरलीचं काय सांगू, तुम्हाला ठाऊकच असेल.
स्वारगेटला त्याचं एवढं मोठं पोस्टर लागतं,
दात त्याच्या दातांहून पांढरे.
गाडी थांबवून भर चौकात "मास्तर!" ओरडतो
आणि चहाचे पैसे अजून मलाच द्यायला लावतो.

करमरकरांचं निराळंच.
कुणीतरी त्यांचा एक फोटो काढून नेला,
तेव्हापासून ते तीन मालिकांत भिंतीवर आहेत,
तीन घरांचे कैलासवासी वडील, चंदनाच्या हारासकट.
मानधन आणायला स्वतः जातात, स्कूटरवरून.
"अभिनय सुधारला माझा," म्हणतात,
"आता पापणीसुद्धा हलत नाही."

पस्तीस वर्षं झाली म्हणून गेल्या मार्गशीर्षात
एक प्रयोग ठरला.
आदल्या रात्री रोहिणीचा निरोप: शूटिंग लांबलं, माफ करा.
तालमीच्या खोलीत सगळे गप्प.
मग एकेक मान ललिताकडे वळली.

ललिता. पीएमटीच्या पासखिडकीत उभा जन्म गेला तिचा,
आमचा मात्र एकही प्रयोग चुकला नाही.
एक वाक्य होतं तिला,
"महाराज, दारात कुणीसं आलं आहे."
ते म्हणून विंगेत जायची, तोंडाला पदर लावायची
आणि रोहिणीच्या तानेखाली आपली तान सरकवायची.
पिटात मला ऐकू यायची, बाकी कुणाला नाही.
त्या रेघेवर मी कधीच लिहून ठेवलं होतं, काळी पाच.
तिला सांगितलं नव्हतं.

खरवंडीकर म्हणाले, तुला सगळं पाठ आहे, उभी राहा.
ती पिशवी उचलत म्हणाली,
"आणि मग दारात कुणीसं आलंय
ते महाराजांना कोण सांगणार?"

तर प्रयोग असा झाला:
नायिकेचं गद्य कॉलेजातल्या एका मुलीनं वाचून काढलं,
पदं मी नुसती ऑर्गनवर वाजवली, शब्दांवाचून.
दुसऱ्या पदाच्या अंतऱ्याला
तिसऱ्या रांगेतले एक आजोबा बायकोला म्हणाले,
ऑर्गन बघ कसा बोलतोय.

मी भाता जरा हळू केला.