रिमोट सिस्टरकडे असतो

रात्री आठला हॉलमधला टीव्ही लागतो.
भिंतीवर इतका उंच बसवलाय की मान अवघडते,
आणि रिमोट सिस्टर वाघचौरेंच्या खिशात,
थर्मामीटरशेजारी.

आज मालिकेतल्या थोरल्या सुनेला वेड्यांच्या इस्पितळात टाकलं.
टाकलं म्हणजे टाकलंच,
जीपमधून, रात्री बाराला, विजा कडाडताना.
मी आले तेव्हा दुपारचे तीन वाजले होते,
तासगाव-मिरज एसटी, नवऱ्याच्या हातात फाइल,
आणि काउंटरवरचा पोरगा म्हणाला, सुट्टे द्या.

आम्ही सगळ्या पुढं सरकलो,
पेपरात आपल्या गल्लीचा फोटो आल्यासारख्या.

निळा उजेड. न संपणारा बोळ.
एक बाई केस सोडून हसतेय, भिंतीवर नखं ओढतेय.
"एवढी नखं ठेवू कशी दिली हिला?"
अक्काताई चौगुलेनं विचारलं.
आमची दर शनिवारी शमशाद मावशी कापते,
नेलकटर मोजून आणते, मोजून नेते.
केसांना चपचपीत तेल, घट्ट वेण्या,
सलवारीला नाडी नाही, इलॅस्टिक.

डॉक्टर आला. चष्म्यावर वीज चमकली.
"मध्यरात्री राऊंड! आणि आपला रविवारी फिरकत नाही."

मग शॉक. किंकाळी. दिवे फडफडले.
हॉल गप्प.
मला सहा दिले होते. उपाशीपोटी,
हातात सुई, "उलटे आकडे म्हणा",
शंभर, नव्याण्णव, अठ्ठ्याण्णव,
आणि एकदम तोंडात रबराची चव, जीभ जड.
मी म्हणे पहिल्यांदा चहा मागितला.
त्या महिन्यातले काही दिवस मात्र गेले,
भाचीच्या बारशाचा अख्खा दिवस गेला.
फोटोत मी हसतेय, हिरव्या साडीत.
असेन.

एका रात्री माझे हात बांधले, हेही खरं.
ते मालिकेत दाखवतात.
सकाळी मावशीनं मनगटांना खोबरेल लावलं
आणि लावताना तिच्या जावयाला शिव्या घातल्या,
ते दाखवत नाहीत.
कंटाळाही दाखवत नाहीत.
चार ते सहा. भिंतीवर एक पाल. चार ते सहा.

आणि हे तर कुणालाच दाखवता यायचं नाही :
मी पोस्टात. अकरा वर्षं रोज सकाळी
शिक्क्यातली तारीख मी बदलायची.
डॉक्टरांनी विचारलं, आज वार कोणता?
मी त्यांच्या टेबलाकडे बघत राहिले,
तिथं शिक्का नव्हता.

तर, मालिका.
थोरली सून पळाली. वॉर्डबॉयला चकवून, भिंतीवरून, साडीत.
"साडीत!" अक्काताई ओरडली,
"मला पेटीकोटात संडासला पोचता येत नाही
ह्यांच्या गोळ्यांनी!"
आणि आम्ही हसलो.
सगळ्या. दोन महिने न बोललेली कवठ्याची पोरगीसुद्धा,
सिस्टरसुद्धा, तोंडाला रुमाल लावून.
समोरच्या लॉजच्या गॅलरीत एक माणूस
सिगारेट पेटवता पेटवता थांबला,
वर आमच्या खिडकीकडे बघितलं,
आणि आत जाऊन दार लावून घेतलं.

आता घरी आहे.
रात्री दोन गोळ्या, महिन्याला रक्त तपासायचं,
हात थरथरतो, शिक्का थोडा तिरका बसतो.
काल जेवताना तीच मालिका लागली होती,
पुन्हा तो बोळ, तो निळा उजेड.
दिरानं झटकन चॅनेल बदललं.
क्रिकेट लागलं.
कुणालाच क्रिकेट बघायचं नव्हतं.
सगळे बघत बसले.

पुतणी तेवढी माझ्याजवळ सरकली.
काकू, तिथं खिडकीला खरंच गज होते?
होते, म्हटलं. टॉवेल छान वाळायचे.
तिनं विचार केला.
चिमटे होते?
चिमटे नव्हते. वाऱ्यानं पडायचे कधी कधी,
मावशी खालून उचलून आणायची,
जिना चढताना कुरकुरत.