जकातीची खिडकी

डिचोलीहून नदीकडे उतरताना
वळणावर जे चिऱ्याचं घर लागतं
त्याच्या खिडकीत मी बसते.
वीस रुपये, मुलांना दहा, सोमवारी बंद.

खिडकी फार खाली आहे.
तिचा कारकून मांडी घालून बसायचा.
खात्याने माझ्यासाठी
प्लास्टिकच्या खुर्चीचे पाय कापून आणले.
तिकीट घेणारा प्रत्येक जण वाकतो,
वाकून म्हणतो, जुनी माणसं ठेंगणी असावीत.

फलकावर लिहिलंय : हवालदाराचं निवासस्थान,
सोळावं शतक.
आणि कोपऱ्यात, रंगाऱ्याने मागाहून बसवलेलं,
‘साधारण’.
नाव कुणाचंच सापडलं नाही.
डागडुजीच्या चुन्यात गूळ घातला होता,
मुंग्या अजून येतात.

माझ्या पाठीमागे काचेखाली रेघा आहेत.
चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी.
मिठाचे बैल घाटावर चालले,
त्यांची ही मोजदाद, असं मीच सांगते सगळ्यांना.
पावसाळ्यात कुणी येत नाही तेव्हा मोजल्यात :
चारशे तेरा.
शेवटच्या झुबक्यात तीनच.
पुढे भिंत मोकळी.
नदीला पूर आला असेल,
किंवा वर कुठे राज्य बदललं असेल.

परवा आगरवाड्याहून गणो आला.
नातवाच्या लग्नाची आमंत्रणं करत फिरत होता,
टाचा मिठागरात फुटून पांढऱ्या झालेल्या.
तिकीट म्हटल्यावर हसला,
‘आमी पयलींच भरलां गो.’
तरी कनवटीची नाणी काढून
एकेक मोजून ठेवली.

काचेपाशी बराच वेळ उभा राहिला.
मग बोटाने काच पुसत म्हणाला,
आडवी रेघ बैल नव्हे.
चार गोणी वर गेल्या,
पाचवी इथे उतरवून घेतली.
ती आडवी.

मी पुन्हा मोजलं नाही.
आतल्या खोलीकडे पाहिलं फक्त,
जिला आम्ही ‘कोठार’ म्हणून दाखवतो,
जिच्या भिंतीला रंग टिकत नाही,
दर वर्षी ओल आणि पापुद्रे,
आणि दर वर्षी इंजिनियर नवा रंग सुचवतो.

गणो आत न जाताच निघाला. पाचची बस होती.
मीही दिवसाची माणसं रेघांनीच मोजते,
शाळेत शिकवलं तशी.
त्या दिवशी तो पाचवा.
पेन हातात घेतलं,
वही मिटली.
हिशेब जुळला नाही तर विचारतील.
विचारू देत.