रकाना क्रमांक सहा

नाव लिहिलं : लीलाधर टोपलू भंगाळे.
वय : एकोणचाळीस.
पत्ता, मोबाइल, आधार, सगळं एका दमात.
मग आला रकाना सहा,
शैक्षणिक पात्रता,
आणि धागा तुटल्यावर माग जागच्या जागी थांबावा
तसं पेन थांबलं.

नववी पास. ब तुकडी.
दहावीचं हॉलतिकीट अजून ट्रंकेत आहे,
घडीसुद्धा मोडलेली नाही.
गणिताच्या पेपरला वर्ग गणित सोडवत होता
आणि मी एमआयडीसीत प्लास्टिकच्या चटयांना
काठ शिवायला शिकत होतो.
तेवीस वर्षं. पहिली चार काठावर,
बाकीची मागावर.
जानेवारीत सेठनं शटर ओढलं.
माग भंगारात गेले, किलोच्या भावानं.
काट्यावर चढवायला मीच हात लावला.

हेमलता वेफर्सच्या कारखान्यात केळी सोलते,
तिच्या बोटांचे डाग आता साबणालाही जुमानत नाहीत.
ती म्हणाली, "कॉम्प्युटरचं कायतरी शिका ना भो,
पण आधी विचारा, फी कशाची घेताय,
शिकवायची का खुर्चीची?"

जळगावात एकाच जिन्यावर तीन क्लास.
पहिल्या मजल्यावर टॅली, तीन महिने, साडेसात हजार.
दुसऱ्यावर हार्डवेअर-नेटवर्किंग.
"दहावी लागते," सर म्हणाले, "पण बघू."
त्या 'बघू'चे दोन हजार वेगळे.
तिसऱ्यावर एसी, काचेचं दार,
फुल स्टॅक, पंचेचाळीस हजार.
फुल स्टॅक म्हणजे मला वाटलं चटयांची थप्पी.
भिंतीवर लिहिलेलं : शंभर टक्के नोकरी,
आणि शंभराच्या डोक्यावर बारीक चांदणी.
मी सगळी भिंत वाचली, खालची फरशीसुद्धा.
त्या चांदणीचा खुलासा कुठे सापडला नाही.

बाहेर पंचेचाळीस डिग्री. आत पंचेचाळीस हजार.
घाम मला आतच जास्त आला.

पोरगा आठवीत. माउस धरायला त्यानंच शिकवलं.
"पप्पा, एवढा दाबू नका, तो काय लिव्हर आहे?"
त्याला काय सांगू,
लिव्हर दाबला की निदान काहीतरी हलायचं.

काउंटरवर किमया सपकाळे, असेल बावीसची.
माझं पेन थांबलेलं तिनं पाहिलं.
आतल्या केबिनकडे एकदा बघून
हळूच म्हणाली, "काका, सहा नंबर राहू द्या कोरा.
आधी मला सांगा,
रोज आठ तास कशाचा कंटाळा तुम्हाला सोसतो?"

असं कुणी विचारलं नव्हतं.
शाळेत नाही, कारखान्यात नाही,
लग्न ठरवतानासुद्धा नाही.

आकडे? नाही. आकड्यांपुढे मी अजून
हॉलतिकीट घेऊन उभा असतो.
रंग, चित्रं, जाहिराती? आपलं काम नाही.
पण माग बंद पडला
की तो का पडला हे शोधायला
मी जेवण सोडून बसायचो.
डबा तसाच. कळण्याची भाकरी वाळून पापड.
तुटलेलं टोक सापडायचं तेव्हा
शिफ्ट संपलेली असायची,
आणि मला कळायचंही नाही.

तिला हे सांगितलं, तोडकंमोडकं.
ती हसली नाही.
तिसऱ्या मजल्याचं पत्रक माझ्या हातातून काढून घेतलं,
बोट खाली केलं : एक मजला.
"आठवडाभर फुकट बसू देतात. मागून घ्या.
त्या 'बघू'चे पैसे आताच देऊ नका."
मग फोन वाजला, आणि ती परत शंभर टक्के बोलू लागली.

दुसऱ्या मजल्यावर एक डबा उघडा पडलेला,
आत वायरी, पंख्यावर धुळीची गादी.
मी फुंकर मारली.
तोच वास. गरम प्लास्टिक, जुनी धूळ.
सर माझ्यापेक्षा पंधरा वर्षांनी लहान.
मी विचारलं, "याचा धागा कुठे तुटतो?"
ते म्हणाले, "काय?"
मग थोडं थांबून त्यांनी स्क्रू-ड्रायव्हर माझ्याकडे सरकवला.

घरी हेमलतानं विचारलं, "काय ठरलं?"
म्हटलं, सोमवारपर्यंत काहीच नाही.
फॉर्म खिशातच आहे,
सहावा रकाना घामानं थोडा ओला.